फिरतीचा भत्ता आणि गावची भाकरी



आज मी जो विषय घेऊन आपल्यापुढे आलो आहे तो ऐकून कोणी म्हणेल, "हा तर सरकारी नोकरांच्या घरचा हिशेब. आम्हां शेतकऱ्यांना त्याचे काय?" विषय आहे सरकारी नोकरांचा प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ता. पण थोडा धीर धरा. ह्या भत्त्याचा एक धागा तुमच्या चुलीपर्यंत येऊन पोचलेला आहे. तो कसा, तेच आज सांगायचे आहे.

उन्हाळ्याचे दिवस डोळ्यांपुढे आणा. अकराच्या एस. टी.ने एक कर्मचारी गावात उतरतो. कोणी मोजणीला आलेला असतो, कोणी शाळा तपासायला, कोणी दप्तर पाहायला. काम उरकेपर्यंत दोन वाजतात. गावात खाणावळ नाही. मग कोणीतरी म्हणतो, "साहेब, आता जेवूनच जा." घरात निरोप जातो, चुलीवर पुन्हा तवा चढतो, आणि शेजारच्या घरून वाटीभर तूप येते. दारी आलेल्याला उपाशी पाठवायचे नाही ही आपली रीतच आहे आणि ती चांगली आहे. प्रश्न एवढाच की त्या माणसाच्या आजच्या जेवणासाठी सरकारी तिजोरीतून काही रक्कम ठेवलेली आहे, हे त्या घरातल्या माउलीला ठाऊक असते का? त्या रकमेलाच दैनिक भत्ता म्हणतात. तिजोरीतला पैसा तुमच्या-आमच्या करातूनच गेलेला असतो. तेव्हा त्याच जेवणासाठी माउलीने दुसऱ्यांदा तवा चढवावा, असा कायदा कुठेही नाही.

एके काळी मात्र तसे होते. अंमलदार फिरतीवर निघाला की त्याचे ओझे गावाने वाहायचे, आणि त्याच्या मुक्कामाला दूध, लाकूडफाटा, धान्य, जनावरांचा चारा गावानेच पुरवायचा. आपल्याकडे आपण त्याला वेठबिगार म्हणत आलो. हिमालयातल्या कुमाऊँ भागात ही वेठ फार जाचक होती. तिथे तिचे तीन प्रकार होते. फुकट ओझे वाहणे ती कुली-बेगार, थोड्याशा मजुरीवर सक्तीने ओझे वाहणे ती कुली-उतार, आणि साहेबाला शिधासामग्री पुरवणे ती कुली-बर्दायश. कोणत्या घराची पाळी केव्हा, याच्या वह्या गावच्या प्रमुखांकडे असत. १९२१ सालच्या जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या वेळी भरणाऱ्या बागेश्वरच्या जत्रेत हजारो लोक जमले. बद्रीदत्त पांडे प्रभृती पुढारी तिथे होते. लोकांनी ह्यापुढे वेठ करणार नाही अशी शपथ घेतली आणि गावप्रमुखांनी त्या वह्या शरयू आणि गोमती यांच्या संगमात सोडून दिल्या. आज आपल्या राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आहे.

आता बाजू पालटून पाहू. फिरतीचा खर्च नोकराच्याच गळ्यात पडला तर काय होते? त्याचेही उदाहरण इतिहासात आहे. १८२४ साली ब्रह्मदेशाच्या लढाईसाठी कलकत्त्याजवळच्या बराकपूरच्या छावणीतील देशी शिपायांना चितगावकडे कूच करण्याचा हुकूम झाला. शिपायाची भांडी, अंथरूण, सामानसुमान त्याचे त्याने न्यायचे, असा तेव्हाचा रिवाज होता, आणि त्यासाठी तो पदरमोड करून बैल भाड्याने घेई. त्या वर्षी बैल मिळेनात. मिळाले तर भाडे परवडेना. शिपायांनी मागणे केले की सरकारने बैल द्यावेत, नाहीतर दुप्पट भत्ता द्यावा. मागणे मान्य झाले नाही. शिपाई हटून बसले, आणि २ नोव्हेंबर १८२४ रोजी त्यांच्यावर तोफा डागण्यात आल्या. कित्येक शिपाई ठार झाले. बैलाच्या भाड्यापासून निघालेली गोष्ट माणसांच्या प्राणांपर्यंत जाऊन पोचली.

ह्या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून पाहा. सरकारी कामासाठी केलेल्या प्रवासाचा खर्च कोणाला तरी सोसावाच लागतो. सरकारने तो सोसला नाही तर तो नोकरावर पडतो, किंवा ज्या गावी नोकर जातो त्या गावावर पडतो. भत्ता आहे तो एवढ्यासाठी.

भत्त्याचे मूळ सूत्रही फार सरळ आहे. १ जानेवारी १९२२ पासून आपल्या देशात सरकारी नोकरीचे 'मूलभूत नियम' म्हणून जे नियम लागू झाले, त्यांत प्रवासभत्त्याची व्याख्या आहे. सार्वजनिक सेवेच्या हितासाठी प्रवास करताना नोकराला जो खर्च येतो तो भागवण्यासाठी दिलेली रक्कम, असा तिचा आशय आहे. त्याच नियमांत पुढे असेही तत्त्व आहे की भत्त्याची रक्कम अशी ठरवावी की तो एकंदरीत नोकराच्या नफ्याचे साधन होऊ नये. हे तत्त्व गाठीला बांधून ठेवा. भत्त्यात तोटा होऊ नये आणि नफाही होऊ नये. ज्याला वाटते की भत्ता म्हणजे वरकड पगार, त्याची समजूत चुकीची आहे. आणि जो वरिष्ठ म्हणतो, "एवढ्याशा पैशासाठी बिल कशाला करता?" त्याचीही चुकीचीच.

आता हिशेब कसा चालतो ते पाहू. नोकराचे एक मुख्यालय ठरलेले असते. तिथले काम पगारात आले. तिथून कामानिमित्त बाहेर पडला की ती फिरती. फिरतीच्या दैनिक भत्त्यासाठी मुख्यालयापासून ८ किलोमीटरच्या परिघाबाहेर जावे लागते. पूर्वी हेच अंतर ५ मैल होते. मग दोन गोष्टी मिळतात. गाडीभाडे हा प्रवासाचा भाग झाला. घराबाहेर राहिल्यामुळे जेवणाखाणाचा व मुक्कामाचा जो जास्तीचा खर्च येतो, तो दैनिक भत्त्याचा भाग झाला.

केंद्र सरकारच्या नोकरांचे उदाहरण घेतो. राज्याचे दर आणि नियम वेगळे आहेत, ते आपापल्या कार्यालयातून पाहून घ्यावेत. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राने १ जुलै २०१७ पासून जे दर ठरवले, त्यांत खालच्या श्रेणीच्या, म्हणजे पाचव्या स्तरापर्यंतच्या नोकराला जेवणाखाणापोटी पूर्ण दिवसाचे ५०० रुपये धरले होते. मुख्यालयाबाहेर १२ तासांहून अधिक काळ गेला तर पूर्ण रक्कम, ६ ते १२ तासांना शेकडा ७०, आणि ६ तासांहून कमी असेल तर शेकडा ३०. दिवस मोजायचा तो मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत.

समजा, रत्नागिरीचा एक कारकून सोमवारी रात्री ८ वाजता फिरतीवर निघाला आणि बुधवारी सकाळी १० वाजता परत आला. सोमवारचे ४ तास झाले, त्याचे १५० रुपये. मंगळवार पूर्ण, त्याचे ५००. बुधवारचे १० तास, त्याचे ३५०. एकूण १,००० रुपये. गाडीभाडे आणि मुक्कामाचा खर्च निराळा. मुलांना शेकडेवारी शिकवताना, गुरुजी, हे गणित फळ्यावर घालायला हरकत नाही.

त्याच आदेशात आणखी एक तरतूद आहे. पायी चाललेल्या वाटेसाठी किलोमीटरला १२ रुपये ठेवले होते. डोंगरातल्या वाडीवर गाडी जात नाही, माणूस चालत जातो. त्याच्या चालण्यालाही किंमत आहे हे सरकारने कागदावर मान्य केले. पण आपला भिडस्त नोकर काय करतो? "चाललो त्याचे कसले पैसे?" म्हणतो आणि ती ओळ कोरी सोडतो.

आणि एक बारीक गोष्ट. त्या आदेशाने जेवणाच्या ठरीव रकमेसाठी पावत्या जोडण्याची अट काढून टाकली. हे बरे झाले, कारण रस्त्याकडेच्या टपरीवर भजी-भाकरीची पावती कोण देणार? पण पावती गेली म्हणजे साक्षीदार गेला असे समजू नये. आता साक्षीदार आपण स्वतःच आहोत. संध्याकाळी पाचला परतलेला माणूस बिलात रात्रीचे नऊ लिहितो, सरपंचाच्या जीपमधून फुकट आलेला माणूस एस. टी.चे भाडे लावतो, शिबिरात सरकारी खर्चाने जेवलेला माणूस पुन्हा जेवणाचा भत्ता मागतो. रक्कम लहान असते, पण खोटे लहान नसते. अशा बिलापायी शिस्तभंगाची कारवाई होते, प्रसंगी फौजदारी खटलाही होतो. शंभर-दोनशे रुपयांसाठी वीस वर्षांच्या नोकरीला डाग लागतो.

आता माझ्या स्वतःच्या एका चुकीची गोष्ट सांगतो. नोकरीच्या आरंभी मी एका कार्यालयाच्या लेखा शाखेत कारकून होतो. भत्त्याची बिले तपासणे हे माझे काम. घाटावरच्या एका वाडीतले प्राथमिक शिक्षक दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला जिल्ह्याच्या गावी येऊन गेले होते. त्यांचे बिल माझ्याकडे आले. त्यावर आदेशाचा क्रमांक नव्हता. मी शेरा मारला आणि बिल परत पाठवले. काही आठवड्यांनी ते क्रमांक घालून आले. आता माझ्या लक्षात आले की निघाल्याची वेळ लिहिलेली नाही. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी वेळ होती, पण खाडाखोड केलेल्या जागी मुख्याध्यापकांची सही नव्हती. पुन्हा परत. बिल चौथ्यांदा आले तेव्हा वर्षाची मुदत उलटून गेली होती. मी लाल शाईने लिहिले, "मुदतबाह्य. नामंजूर."

पुढे एके दिवशी ते गुरुजी स्वतःच्या खर्चाने कार्यालयात आले. रागावले नाहीत. माझ्या टेबलापाशी उभे राहून म्हणाले, "अहो, ह्या तिन्ही चुका पहिल्यांदाच सांगितल्या असत्या तर?"

मी काय उत्तर देणार? प्रत्येक शेरा नियमाला धरून होता. पण तिन्ही मिळून जे झाले ते न्यायाला धरून नव्हते. त्या माणसाने दहा दिवस पदरचे खाऊन सरकारचे काम केले होते आणि ते पैसे माझ्या आळसात बुडाले. त्या दिवसापासून मी एक शिस्त लावून घेतली. बिल शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय लेखणी उचलायची नाही, आणि काढायच्या त्या सगळ्या हरकती एकदमच काढायच्या. लेखा शाखेतले कोणी आज ऐकत असतील तर त्यांना माझे एवढेच सांगणे आहे.

शिक्षकमित्रांनो, आता तुमच्यासाठी चार सोप्या गोष्टी. प्रशिक्षण असो, निवडणुकीचे काम असो की जनगणनेचे असो, निघण्यापूर्वी लेखी आदेश हाती घ्या आणि त्याचा क्रमांक व तारीख लिहून ठेवा. दुसरे, खिशात एक लहान वही बाळगा. निघालो किती वाजता, पोचलो किती वाजता, किती किलोमीटर, कशाने, कोणत्या कामासाठी, हे त्याच दिवशी टिपा. महिन्याने आठवून लिहिलेली वेळ खरी असली तरी खोटी वाटते. तिसरे, तिकिटे वहीतच ठेवा आणि बिलाची एक प्रत आपल्यापाशी राहू द्या. चौथे, मुदत सांभाळा. केंद्र सरकारने २०१८ साली फिरतीच्या बिलाची मुदत एक वर्षावरून ६० दिवसांवर आणली. राज्य सरकारच्या आणि जिल्हा परिषदेच्या सेवकांनी आपली मुदत विचारून घ्यावी. पण घरी परतल्यावर त्याच आठवड्यात बिल दिले तर मुदतीचा प्रश्नच येत नाही.

आणि गावकरी बंधूंनो, तुमच्यासाठी एकच गोष्ट. दारी आलेल्याला पाणी द्या, चहा द्या, मनात आले तर जेवायलाही घाला. पण ते आपल्या खुशीने घाला. काम अडेल ह्या भीतीने घातलेले ताट हे आतिथ्य नव्हे, ती जुनी बर्दायशच आहे. शिवाजीमहाराजांनी सतराव्या शतकात चिपळूणकडच्या छावणीतील आपल्या अंमलदारांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. लष्कराने लागेल ते बाजारातून पैसे देऊन विकत आणावे, रयतेला काडीचा उपद्रव देऊ नये, अशी त्यात ताकीद आहे. पदरच्या माणसांना वेळेवर पैसा पोचवायचा आणि मग रयतेला हात लावू द्यायचा नाही, हा त्यातला शहाणपणा आजही जुना झालेला नाही.

फिरतीवर येणाऱ्या माझ्या नोकरबंधूंनाही एक विनंती आहे. गावात जेवलात तर उठताना त्या घरच्या पोराच्या हातावर जेवणाचे पैसे ठेवा. घरची माणसे "नको, नको" म्हणतील. तरी ठेवा आणि सांगा, "हे माझे नव्हेत, सरकारने जेवणासाठीच दिलेले आहेत." ते पोर पुढे मोठे होऊन कुठे कारकून होईल, गुरुजी होईल, साहेब होईल. भत्ता कशासाठी असतो हे त्याला मग नियमाच्या पुस्तकातून शिकावे लागणार नाही.