पेटीतल्या बाईचं काम

(पेठ येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



जादूच्या प्रयोगात हमखास टाळ्या घेणारा एक खेळ असतो. बाईला पेटीत झोपवायचं, करवत चालवायची, पेटीचे दोन भाग दूर न्यायचे आणि शेवटी तिला हसतमुख उभी करायची. यावर गटाच्या बैठकींमध्ये मला दोन प्रश्न विचारले गेले. "ताई, तिला दुखत नसेल का?" आणि "मंत्राशिवाय कापलेली बाई जुळेल कशी?" दोन्हींची उत्तरं पेटीतच आहेत.

आधी हा खेळ आला कुठून ते पाहू. १७ जानेवारी १९२१ रोजी लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायर थिएटरात पी. टी. सेल्बिट या जादूगाराने तो लोकांपुढे केला. काळ लक्षात घ्या. तिथल्या तिशीवरच्या स्त्रियांना अटी घालून का होईना, मताचा हक्क १९१८ मध्ये मिळाला होता, तोही मोठ्या लढ्यानंतर. त्या लढ्यातल्या पुढारी ख्रिस्ताबेल पँकहर्स्ट यांनाच सेल्बिटने आठवड्याला वीस पौंडांवर पेटीत झोपायचं काम देऊ केलं! त्यांनी नकार दिला. जाहिरात मात्र झाली. हक्क मागणारी बाई करवतीखाली पाहायला लोक पैसे मोजतील, हा त्याचा हिशेब होता.

त्याच वर्षी अमेरिकेत होरेस गोल्डिनने जादूगारांच्या मेजवानीत हा खेळ केला, तेव्हा पेटीत हॉटेलातला एक पोऱ्या होता. पुढे तिथेही बाईच आली. म्हणजे खेळाला बाईच लागते असं नाही. ती निवडली जाते.

आता पेटी उघडू. गोल्डिनने १९२३ मध्ये या खेळाचं पेटंट घेतलं. पेटंट घ्यायचं तर आकृत्या काढून सगळी रचना लिहून द्यावी लागते, म्हणजे गुपित शंभर वर्षं कागदावर आहे. त्यात माणसं दोन. एकीचं डोकं आणि हात दिसतात. ती पाय पोटाशी घेऊन अर्ध्या पेटीत मावते. दुसरी आधीच टेबलाच्या पोकळीत लपलेली असते. दिसणारे पाय तिचे. टेबल असं बनवतात की ते पातळ वाटावं. करवत दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेतून जाते.

१९६५ मध्ये रॉबर्ट हार्बिनने उभ्या कपाटाचा 'झिगझॅग' खेळ आणला. त्यात बाईचं पोट जणू बाजूला सरकतं. इथे दुसरी कुणी नाही. रंगाच्या पट्ट्यांमुळे कपाट आहे त्याहून अरुंद दिसतं आणि बाई उरलेल्या जागेत अंग चोरून उभी राहते, चेहरा हसरा ठेवून.

मग जादूगार काय करतो? बोलतो, करवत चालवतो. खेळ घडवते ती बाई. ठरल्या क्षणी अंग दुमडायचं, अंधारात हलायचं नाही, वेळेवर पाय बाहेर काढायचे. करवत तिला लागत नाही, पण कष्ट खरे आहेत. टेबलातल्या बाईला तर टाळ्याही नाहीत; ती तिथे नव्हतीच असं भासवायचं असतं. ९ एप्रिल १९५६ ला पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या दूरदर्शनवर एका मुलीला चक्राकार करवतीने कापून दाखवलं. ती उठण्याआधीच कार्यक्रम संपला आणि घाबरलेल्या प्रेक्षकांनी फोनचा भडिमार केला. सरकारांचं नाव जगभर झालं. त्या मुलीचं, दीप्ती डे हिचं नाव किती जणांना ठाऊक आहे? घरात, शेतात, द्राक्षाच्या मळ्यात राबून नाव दुसऱ्याचं होताना आपण पाहतोच.

राहिला मंत्र. मंत्र नाहीच. आहे ते सुतारकाम, रंगकाम आणि बाईचा सराव. जादूगार तिकीट लावून फसवतो आणि आपण त्यासाठीच जातो. पण कुणी हातचलाखीला 'शक्ती' म्हणतो आणि त्या शक्तीच्या जोरावर गावातल्या एकट्या बाईला भुताळी ठरवतो, तेव्हा तो खेळ राहत नाही. झाडपाला देणाऱ्या भगतांबद्दल मी बोलत नाही. बाईकडे बोट दाखवणाऱ्याबद्दल बोलते आहे. पेटीतल्या बाईने होकार दिलेला असतो, तिच्यासाठी रिकामी जागा राखलेली असते. भुताळी ठरवलेल्या बाईला कुणी विचारलेलं नसतं आणि घाव खरा बसतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. बाईला असं ठरवून छळणं हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. पाड्यावर असं काही कानावर आलं, तर त्या बाईला एकटं सोडू नका. गटातल्या चारपाच जणी मिळून पोलीस ठाण्यात जा आणि तक्रार लेखी द्या.

आणि खेळ पाहायला जरूर जा, मुलांनाही न्या. टेबल किती जाड आहे, पेटी केवढी आहे, बाई कुठे मावली असेल, हे त्यांना शोधू द्या. संपल्यावर पेटीतल्या बाईचं नाव विचारा. पुढच्या बैठकीला मी पुठ्ठ्याची खोकी आणि रंग आणते. झिगझॅगचं कपाट आपण स्वतःच करून पाहू. आत कोण उभं राहणार, ते आताच ठरवा.