बरं वाटतं त्या दिवशीची गोळी

ब्लड कॅन्सर म्हटलं की आपल्या मनात आधी हिंदी सिनेमा उभा राहतो. डॉक्टर चष्मा काढून खिडकीबाहेर बघतात, नायकाच्या हाती सहा महिने उरतात आणि शेवटच्या रिळात सगळं थिएटर रडतं. माझी पिढी हे बघतच मोठी झाली. त्यामुळे २००५ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मला ब्लड कॅन्सर झाल्याचं कळलं तेव्हा गावात भेटायला येणारा प्रत्येक जण माझ्याकडे शेवटचं बघितल्यासारखं बघत होता. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. त्यानंतर मी सतरा वर्षं शाळा शिकवली, २०२२ मध्ये रीतसर निवृत्त झालो आणि आजही भाताच्या लावणीला चिखलात उतरतो.

मी आंदर मावळातला. कान्हे फाट्यावरून आत वळलं, इंद्रायणी ओलांडून टाकवे बुद्रुक मागे टाकलं की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ यायला लागतात. तिथून पुढे आमची गावं. पावसाळ्यात शहरातली मंडळी धबधबे बघायला येतात ती याच वाटेने.

आधी एक खुलासा करतो. रक्ताच्या कर्करोगाचे अनेक प्रकार असतात. माझ्या आजाराचं नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल. मी बोलणार आहे ते या एकाच प्रकाराविषयी. दुसऱ्या प्रकाराच्या रुग्णाने माझं ऐकून आपले आडाखे बांधू नयेत.

हा आजार दबक्या पावलांनी येतो. मला ना ताप होता, ना कुठे दुखत होतं. जेवायला बसलं की चार घासांत पोट भरायचं आणि डाव्या बरगडीखाली जड वाटायचं. पानथरी वाढली होती. रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी साधारणपणे चार ते अकरा हजार असतात, त्या दोन लाखांच्या वर गेल्या होत्या. पूर्वी अशा रुग्णाची पहिली काही वर्षं बरी जात, मग आजार एकदम उसळी घेई. बहुतेकांच्या हाती तीन ते पाच वर्षं असत. भावा-बहिणीचा अस्थिमज्जा जुळला तर प्रत्यारोपण हा एक मार्ग होता. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली त्याची सुरुवात झाली. पण तो मार्ग खर्चाचा, जोखमीचा आणि मोजक्यांच्याच वाट्याला येणारा.

मग हे चित्र पालटलं कसं? त्यासाठी १९६० सालात जावं लागेल. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड या दोघांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींमध्ये एक गुणसूत्र आखूड दिसलं. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवून दिलं की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. जिथे हे तुकडे चुकीचे जोडले जातात तिथे एक नवं जनुक तयार होतं. त्याला बीसीआर-एबीएल म्हणतात. आई-वडिलांकडून ते येत नाही आणि आपल्याकडून मुलांना जात नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मुलीचं लग्न ठरवताना घरातला ब्लड कॅन्सर लपवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत.

हे जनुक काय करतं ते मी आमच्या माणसांना विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण देऊन सांगतो. मोटार पाणी उपसते आणि काम झालं की आपण बटण बंद करतो. या मोटारीचं बटण मात्र चालूवरच अडकलेलं असतं. पेशींना ‘वाढा, वाढा’ असा निरोप रात्रंदिवस जात राहतो. इमॅटिनिब नावाचं औषध नेमकं त्या जागी जाऊन बसतं, जिथून या मोटारीला शक्ती मिळते. मोटार थांबते. आजूबाजूच्या चांगल्या पेशींना फारसा धक्का लागत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन इथे डॉ. ब्रायन ड्रुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे औषध रुग्णांना देऊन बघायला सुरुवात केली. पुरेशी मात्रा मिळालेल्या पहिल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचं रक्त ताळ्यावर आलं. मे २००१ मध्ये तिथे औषधाला परवानगी मिळाली. पुढे एक हजारावर रुग्णांची मोठी चाचणी झाली. तिच्यात इमॅटिनिबवर सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के लोक दहा वर्षांनंतरही हयात होते. कुठे तीन-पाच वर्षं आणि कुठे हे!

पण औषध निघालं म्हणजे ते आंदर मावळात पोचलं असं होत नाही. मूळ स्विस कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता. माझा पगार अकरा हजारांच्या आत-बाहेर. म्हणजे एका महिन्याच्या गोळ्यांना जवळजवळ वर्षाचा पगार लागला असता. कंपनी आपल्या योजनेतून अनेक रुग्णांना ते मोफत देत असे, हेही सांगितलं पाहिजे. भारतीय कंपन्यांचं तेच औषध महिन्याला आठ-दहा हजारांत मिळत होतं. मी त्यावर सुरुवात केली. पगार गोळीला आणि घर शेतीवर, असा हिशेब कित्येक वर्षं चालला.

ही स्वस्त गोळीसुद्धा सहज टिकली नाही. २००३ च्या अखेरीस मूळ कंपनीला भारतात विक्रीचे खास हक्क मिळाले आणि लगेच काही भारतीय कंपन्यांवर मद्रास उच्च न्यायालयाची मनाई आली. २००४ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने मात्र तशी मनाई द्यायला नकार दिला. २००५ मध्ये पेटंट कायदा बदलला. जुन्याच औषधाचं नवं रूप आणलं तर ते रुग्णावर अधिक गुणकारी आहे हे दाखवल्याशिवाय पेटंट नाही, असं त्याचं तिसरं कलम सांगतं. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने कंपनीच्या अर्जाला हरकत घेतली होती. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनी वर गेली आणि खटला सात वर्षं चालला. अखेर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला आणि पेटंट नाकारलं गेलं. मी त्या दिवशी वर्गावर होतो. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी बातमी सांगितली आणि मला पेढ्याचे पैसे काढायला लावले. पुढे स्पर्धेमुळे गोळीची किंमत आणखी उतरली.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. शास्त्रज्ञांनी गोळी शोधली, न्यायालयाने ती आवाक्यात ठेवली. तिसरं काम उरतं ते रुग्णाचं, आणि ते दिसतं तितकं सोपं नाही. ती गोळी रोज घ्यायची, आणि तीही आपल्याला ठणठणीत वाटत असताना.

आपला औषधाशी संबंध दुखण्यापुरता असतो. डोकं दुखलं, गोळी घेतली, थांबलं, विसरलो. सीएमएलमध्ये दोन-तीन महिन्यांत रक्त सुधारतं, पानथरी आत जाते, भूक लागते. माणूस विळा-कोयता घेऊन शेतावर जातो. आणि मग घरातलंच कुणीतरी बोलतं. माझी आई म्हणायची, “बरा हायेस नव्हं? मग रोज कशापायी औषध पोटात घालायचं?” तिच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. मी तिला मोटारीची गोष्ट सांगितली. “आये, गोळीनं मोटार काढून टाकलेली नाही. गोळीनं ती फक्त दाबून धरलीय. हात उचलला की ती पुन्हा सुरू.” त्यानंतर रोज रात्री जेवणाचं ताट पुढे आलं की तीच विचारायची, “गोळी?”

तपासणीच्या रांगेत पवन मावळातला एक तरुण भेटायचा. उमदा गडी, बैलांचा नाद. दोन वर्षं त्याचे अहवाल उत्तम होते. मग घरात लग्न निघालं, पैशाची ओढ झाली आणि तो म्हणाला, “गुरुजी, मला काय झालंय? मी तर पहिल्यासारखा आहे.” आठ-नऊ महिने तो आलाच नाही. आला तेव्हा आजाराने उसळी घेतली होती. त्या टप्प्यावर हीच गोळी फार काळ साथ देत नाही. पुढच्या दिवाळीला तो नव्हता. तो निष्काळजी होता असं मी म्हणणार नाही. त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे त्याच्या घरात कुणी त्याला चार वेळा सांगितलं नाही.

लंडनमध्ये ८७ रुग्णांवर याचाच अभ्यास झाला. २०१० साली तो प्रसिद्ध झाला. बाटलीच्या झाकणात एक छोटं यंत्र बसवलं होतं. बाटली किती वेळा उघडली याची त्यात नोंद व्हायची. ज्यांनी नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात सहा वर्षांत आजार खोलवर आटोक्यात येण्याचं प्रमाण सुमारे ९४ टक्के निघालं. ज्यांनी नव्वद टक्के किंवा त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात २८ टक्के. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी नव्वद टक्के म्हणजे सत्तावीस. तीन खाडे झाले की आपण धोक्याच्या रेषेवर आलो. शाळेत आम्ही हजेरीपट मांडतो, तसाच मी गोळीचा मांडतो. दिनदर्शिकेवर रोज रात्री एक फुली.

खेड्यात खाडे पडायला कारणं पुष्कळ. आमच्याकडे आषाढात ओढे भरून आले की वाट बंद होते आणि एसटी येत नाही. म्हणून मी जूनमध्येच जास्तीच्या महिन्याच्या गोळ्या घरात आणून ठेवतो. घर ओलं असतं, तेव्हा त्या घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवतो. ही गोळी भरल्या पोटी, मोठा तांब्याभर पाण्याबरोबर घ्यायची असते, नाहीतर मळमळतं. एकादशीला मी आधी साबुदाण्याची खिचडी खातो आणि मग गोळी घेतो. विठोबाची याला हरकत असेल असं मला वाटत नाही. वारीला निघताना गोळ्यांचे दोन भाग करतो. एक माझ्या पिशवीत, एक दिंडीतल्या सोबत्याकडे.

त्रास होत नाही असं मी म्हणत नाही. सकाळी डोळ्यांभोवती सूज असते. नव्या माणसाला वाटतं, गुरुजी रात्री बसले होते वाटतं! पोटऱ्यांत गोळे येतात. या औषधाने काहींच्या कातडीचा रंग उतरतो, तसा माझाही उतरला. गावातल्या बायका माझ्या बायकोला विचारायच्या, मास्तरांना कुठला साबण देता? असे त्रास डॉक्टरांना सांगायचे, त्यावर उपाय असतात. परस्पर मात्रा कमी करायची नाही. झाडपाल्याचं किंवा दुसरं कुठलंही औषध सुरू करायचं तर आधी विचारायचं. तरुण स्त्री रुग्णांनी गर्भारपणाचा विचार मनात येताच, दिवस राहण्याआधीच, डॉक्टरांशी बोलायचं. आणि रक्ताच्या साध्या तपासणीवर न थांबता, डॉक्टर सांगतील त्या अंतराने बीसीआर-एबीएलची तपासणी करायची. आजार परत डोकं काढतोय हे शरीराच्या आधी तिथे कळतं. इमॅटिनिबने काम केलं नाही, तर त्यानंतर निघालेली डॅसॅटिनिब, निलोटिनिब अशी औषधं आहेत. पण बदल वेळेवर करता आला पाहिजे.

“मग जन्मभर?” असं लोक विचारतात. याचं उत्तर आता थोडं बदललं आहे. निदान दोन वर्षं ज्यांच्या रक्तात आजाराचा मागमूस नव्हता अशा शंभर रुग्णांची गोळी फ्रान्समधल्या डॉक्टरांनी थांबवून पाहिली. साधारण चाळीस टक्के लोकांत आजार परतला नाही. बाकीच्यांत तो परतला, बहुतेकांत पहिल्या सहा-सात महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर जवळजवळ सगळे ताळ्यावर आले. म्हणजे थांबवता येतं, पण निवडक रुग्णांत, डॉक्टरांच्या नजरेखाली आणि सुरुवातीला महिन्या-महिन्याला रक्त तपासून. पवन मावळातल्या त्या पोराने थांबवली तशी नव्हे. माझ्या रक्तात अजून त्या जनुकाचा बारीकसा अंश सापडतो, म्हणून माझी चालू आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. रक्तदाबाची गोळी जन्मभर घेणारी माणसं घरोघरी आहेत, त्यांच्यातलाच मी एक.

श्रोतेहो, आपल्या देशात हा आजार अनेकांना ऐन तिशी-चाळिशीत गाठतो. हे कमावत्या हातांचं दुखणं आहे. तुमच्या वाडीवस्तीवर असा कुणी असेल तर त्याच्याकडे शेवटचं बघितल्यासारखं बघू नका. “अजून औषध चालूच आहे का?” असंही विचारू नका. त्या प्रश्नाने माणसाच्या मनात शंका येते. एसटी बंद असेल त्या दिवशी त्याच्या गोळ्या आणायला कान्ह्याला किंवा वडगावला कुणी जातंय का, एवढं बघा. आणि चावडीवर, बांधावर, दिंडीत भेटलात तर माझी आई विचारायची तेवढंच विचारा : आजची गोळी घेतली का?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)