कार्ड संपतंय आणि घरी जायचंय: जर्मनीतले कागद आणि तारखा

आजचा विषय जरा रुक्ष आहे, आधीच सांगते. कागदपत्रं. पण तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये सगळ्यात जास्त प्रश्न याचेच असतात. "ताई, कार्ड पुढच्या महिन्यात संपतंय, अपॉइंटमेंट मिळत नाहीये, आणि बहिणीचं लग्न आहे. जाऊ की नको?" हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात काय असतं, ते मला चांगलं कळतं. म्हणून आज यावर बोलू.

मी सात वर्षं जर्मनीत आहे, त्यामुळे फक्त जर्मनीबद्दल बोलणार. मी वकील नाही. प्रकरण अडकलं असेल तर वकिलाकडेच जा.

सरकारी काम कसं करायचं, याचं शिक्षण आपल्याला घरातच मिळतं. तहसील कचेरीत कोणाची ओळख आहे, कोणता एजंट बरा, साहेब जेवून कधी परत येतात, आणि "बघा ना जरा, लांबून आलोय" हे कसं म्हणायचं. हे कौशल्य वाईट नाही, पण इथे त्याचा फार उपयोग होत नाही. इथे समोरचा माणूस दोनच गोष्टी बघतो: कोणत्या तारखेला केलंत, आणि लेखी काय आहे. हे दोन तुमच्याकडे असतील तर तुमची बाजू भक्कम. नसतील तर कितीही गोड बोला.

सुरुवात होते पत्रपेटीपासून. हो, पत्रपेटी! घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी नुसता भाडेकरार चालत नाही. "ही व्यक्ती अमुक तारखेला राहायला आली" असं घरमालकाचं वेगळं पत्र लागतं. ते आधीच मागून घ्या. आणि इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. तुम्ही कोणाच्या खोलीत सबलेटवर राहताय आणि पेटीवर तुमचं नाव नाही? मग पत्र परत जातं आणि तुम्हाला कळतही नाही. टॅक्स नंबर पोस्टाने येतो, बँकेचे पिन पोस्टाने येतात, सरकारी निर्णयही पोस्टाने येतात. कागदाच्या तुकड्यावर नाव लिहून चिकटपट्टीने लावा, पण पहिल्या दिवशी लावा.

कधी पिवळं पाकीट आलं तर ते फाडून फेकू नका. त्यावर पोस्टमनने तारीख लिहिलेली असते. निर्णयाविरुद्ध दाद मागायची मुदत त्या तारखेपासून मोजतात आणि ती बहुतेक वेळा एकच महिना असते. किती मुदत आणि कुठे जायचं, हे पत्राच्या शेवटी लिहिलेलं असतं. आपण पहिलं पान भाषांतराच्या ॲपमध्ये टाकतो आणि शेवटचं तसंच सोडतो. तसं करू नका, आधी शेवटचं पान वाचा.

आता मुख्य मुद्दा, कार्डाचा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री भावाचा फोन आला. "ताई, बाबांची बायपास करायची ठरलीये. तू येशील ना?" माझं कार्ड संपायला एकोणीस दिवस होते. मुदतवाढीचा अर्ज मी दोन महिने आधी ऑनलाइन भरला होता, पोचपावती होती, पण तारीख मिळाली नव्हती. साताऱ्यात महिनाभर तरी राहावं लागणार होतं. म्हणजे परतताना माझ्या हातात संपलेलं कार्ड असणार.

इथे एक लांबलचक शब्द शिकून घ्या: फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. आपण त्याला "फिक्शन पेपर" म्हणू. जर्मनीच्या वास्तव्य कायद्याचं कलम ८१ असं सांगतं की कार्ड किंवा नॅशनल व्हिसा संपायच्या आधी तुम्ही मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर निर्णय येईपर्यंत जुना परवाना चालू आहे असंच मानायचं. म्हणजे नोकरीही चालू राहते. त्याचा लेखी पुरावा म्हणजे हा पेपर. पण त्यात वेगवेगळे प्रकार आहेत, आणि आत कोणत्या चौकटीत खूण केली आहे ते बघावं लागतं. पोटकलम ४ वर खूण असेल तर तुम्ही जर्मनीबाहेर जाऊन परत येऊ शकता. पोटकलम ३ वर असेल तर इथे राहू शकता, पण बाहेर गेलात तर त्या पेपरवर परत येता येत नाही. दिसायला दोन्ही कागद सारखेच, म्हणून पेपर हातात मिळाला की खिडकीसमोरच उघडून बघा.

मी काय केलं? परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला सात ओळींचा ईमेल लिहिला. नाव, जन्मतारीख, फाइल नंबर, कार्ड संपायची तारीख, अर्जाची तारीख, प्रवासाची तारीख, आणि मागणी: कलम ८१ पोटकलम ४ प्रमाणे पेपर द्यावा. सोबत हॉस्पिटलचं पत्र आणि पोचपावती. बाबांबद्दल एकच वाक्य. आपोआप येणारं उत्तर आलं. तोच मजकूर छापून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. चौथ्या दिवशी सगळ्याची प्रत घेऊन दारात उभी राहिले. सुरक्षारक्षक म्हणाला, अपॉइंटमेंट नाही तर आत नाही. मी भांडले नाही. पोस्टाची पावती आणि ईमेल पुढे केला आणि हे आत दाखवाल का, असं विचारलं. पाऊण तासाने एक बाई बाहेर आल्या. त्यांनी तारखा बघितल्या. अर्जाची तारीख कार्डाच्या तारखेआधीची होती, बाकी काहीच विचारलं नाही. तेरा युरो भरले आणि पेपर मिळाला.

परत येताना मुंबई विमानतळावर चेक-इनच्या मुलाने तो पेपर कधी बघितलाच नव्हता. "मॅडम, तुमचं कार्ड एक्स्पायर झालंय." सुपरवायझरला बोलवा म्हटलं. पासपोर्ट, जुनं कार्ड आणि पेपर, तिन्ही एकत्र दाखवले. अर्धा तास गेला, पण सोडलं. म्हणून जुनं कार्ड फेकू नका, शक्यतो थेट विमान घ्या आणि विमानतळावर लवकर जा. बाबा आता रोज सकाळी फिरायला जातात.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं असं झालं नाही. त्याने कार्ड संपायच्या आधी अपॉइंटमेंट बुक केली, पण अर्ज भरला नाही. त्याला वाटलं दोन्ही एकच. अर्ज गेला तोवर कार्ड संपलं होतं आणि प्रकरण गुंतलं. त्याच काळात त्याची आई गेली. गेला असता तर परत येता आलं नसतं. अंत्यविधी त्याने फोनच्या स्क्रीनवर बघितला. अपॉइंटमेंट बुक करणं आणि अर्ज करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं एक वाक्य तरी आज लक्षात ठेवा.

आता घरचे कागद. तुमचा जन्मदाखला काढून बघा. कित्येकांच्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागा रिकामी असते. कारण साधं आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, हॉस्पिटल ती लगेच पाठवतं, आणि बारसं व्हायचं असतं! १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात नंतर नाव घालायची सोय आहे, पण त्यासाठी घरच्यांना नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जावं लागतं. इथे तुम्हाला मूल झालं की नोंदणी कार्यालय आईवडिलांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला मागतं. बाळंतपणाच्या धावपळीत हे काम निघायला नको.

लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, पदवीवर तिसरंच स्पेलिंग, असं असेल तर ते भारतात असतानाच जुळवा. मुलींनो, लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही. जे ठेवाल ते सगळीकडे एकसारखं ठेवा.

आणि अपॉस्टिल. भारत २००५ पासून त्या करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत घेतलेली आहे. म्हणजे एजंटला पैसे देऊन आणलेला तो शिक्का इथे चालेलच असं नाही. इथलं कार्यालय बऱ्याचदा भारतातल्या जर्मन वकिलातीकडून दाखला तपासून घेतं आणि त्यात महिने जातात. आधी ईमेलने विचारा, उत्तर जपून ठेवा, मगच पैसे खर्च करा.

आज एवढंच करा. कार्ड आणि पासपोर्ट काढा, दोन्हींच्या शेवटच्या तारखा बघा. पासपोर्ट आधी संपत असेल तर त्याचं आधी बघा, कारण नवं कार्ड सहसा पासपोर्टच्या पुढे जात नाही. मग फोनमध्ये तीन महिने आधीचं रिमाइंडर लावा. आणि घरी फोन कराल तेव्हा आईला सांगा, जन्मदाखल्याचा फोटो पाठव म्हणून.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!