पाणी जेव्हा चुना मागते

पाणी जड असल्याची तक्रार आपल्या हातकणंगले भागात नवी नाही. विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या बुडाला पांढरी खपली धरते. इचलकरंजीच्या रंगकामाला आणि साखर कारखान्यांच्या बॉयलरला तर असले पाणी मुळीच मानवत नाही. पण पाणी फार हलके निघाले म्हणून कुणी कुरकुर केल्याचे आपण ऐकले आहे काय? मला अशी एक तक्रार सोडवावी लागली, आणि तिच्यात एका गवंड्याची अब्रू अडकली होती.

माझ्या एका स्नेह्यांनी मळ्यात मुलांना पोहण्यासाठी ५०,००० लिटरचा सिमेंटचा हौद बांधला. विहिरीच्या पाण्याने डाग पडतील, म्हणून तो छपरावरून आलेल्या पावसाच्या पाण्याने भरला. वर्ष सरते न सरते तोच गिलावा खरबरीत झाला, मुलांचे तळपाय सोलू लागले, तळाशी वाळू साचली. ‘गवंड्याने सिमेंट खाल्ले’ असा निवाडा झाला आणि त्याची राहिलेली मजुरी अडली. तो बिचारा एवढेच म्हणे, “मास्तर, माल बरोबर घातलाय. कुठंबी फोडून बघा.”

आम्ही फोडून पाहिले. पाण्याच्या वरच्या काठाचा गिलावा त्याच मालाचा, पण दगडासारखा टणक होता. मग पाणी तपासले. कॅल्शियमची कठीणता, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने, लिटरला ६० मिलिग्रॅम भरली. सिमेंटच्या पोहण्याच्या हौदाला ती साधारण २०० ते ४०० असावी लागते.

याचे कारण सोपे आहे. घट्ट झालेल्या सिमेंटात चुना असतो. पावसाच्या पाण्यात तो जवळजवळ नसतोच. म्हणून ते पाणी भिंतीतला चुना विरघळवून घेते आणि मागे वाळू सुटी पडते. शिक्षकबंधूंनी वर्गात चुन्याच्या निवळीत नळीने फुंकून दाखवावे. निवळी आधी दुधाळ होते. फुंकत राहिले की पुन्हा स्वच्छ होते. कार्बन डायऑक्साइड मुरलेले पाणी चुनखडीही कसे पोटात घेते, ते मुलांना डोळ्यांनी दिसेल.

मग हौदात पानाचा चुना टाकावा काय? नाही. त्याने पाण्याचा अल्कपणा एकदम चढतो आणि पाणी गढूळ होते. त्यासाठी कॅल्शियम क्लोराइड वापरतात. बाजारात मिळणाऱ्या त्याच्या पापुद्र्यांत बहुधा पाण्याचा अंश धरलेला असतो. अशा क्षाराचा हिशेब असा: १०,००० लिटर पाण्याची कठीणता १० मिलिग्रॅमने वाढवायला १४७ ग्रॅम लागतो. आमच्या हौदाला ६० वरून २०० वर जायचे, म्हणजे सुमारे सव्वादहा किलो झाला. तो एकदम ओतू नये. तीन-चार हप्त्यांत, प्रत्येक वेळी बादलीभर पाण्यात थोडा थोडा विरघळवावा. क्षार पाण्यात टाकावा, क्षारावर पाणी ओतू नये. कारण बादली चांगलीच तापते. हातमोजे आणि चष्मा हवा. पंप चालू ठेवून द्रावण हौदभर पसरवावे, आणि त्याच दिवशी सोडा घालू नये, नाहीतर पाणी पांढरे होईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखावा.

याहून स्वस्त उपाय आपल्या विहिरीतच आहे, बरं का! काळ्या कातळातून झिरपलेले पाणी कॅल्शियम घेऊन येते. समजा, विहिरीत ते ३४० निघाले. ६० च्या पाण्यात निम्मेनिम्म मिसळले की २०० झाले. पण साबणाच्या फेसावर विसंबू नका. जडपणा मॅग्नेशियमनेही येतो आणि सिमेंटला हवे असते कॅल्शियम. म्हणून कॅल्शियमची वेगळी तपासणी करून घ्या. उन्हाळ्यात पाणी उडते, क्षार मागेच राहतात. तेव्हा महिन्यातून एकदा मोजत जा. ४०० च्या पुढे गेले की खपली धरू लागेल.

झालेली झीज मात्र क्षाराने भरून येत नाही. तिला नवा गिलावाच लागतो. आमच्या स्नेह्यांनी तो त्याच गवंड्याकडून करून घेतला, आणि त्याआधी अडवलेली मजुरी त्याच्या घरी जाऊन दिली. आपल्याही गावात टाकी झिजली, तर कुणाच्या इमानावर बोट ठेवण्यापूर्वी एक बाटली पाणी तपासायला पाठवा.