भिंतींचे उदासीन रंग

घराला रंग देण्याची वेळ आली की कुटुंबात हमखास दोन पक्ष पडतात. एकाला पोपटी, आकाशी, गुलाबी असा ठसठशीत रंग हवा असतो, दुसरा म्हणतो, "साधा पांढरा द्या आणि मोकळे व्हा." आज मी या दुसऱ्या पक्षाची बाजू मांडणार आहे, मात्र 'मोकळे व्हा' हे त्याचे शब्द मला मान्य नाहीत. पांढरा, मोतिया, बदामी, राखाडी हे रंग म्हणजे निवड टाळण्याची पळवाट नव्हे. तीही एक निवडच आहे आणि ती पुरेसा विचार मागते.

या रंगांना 'उदासीन' म्हणता येईल. आज या शब्दाने खिन्न, निरुत्साही माणूस डोळ्यांपुढे येतो. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील राजमंडळात 'उदासीन' नावाचा एक राजा आहे. तो कलहापासून दूर असतो, पण दुबळा नसतो. उलट मंडळातील इतरांहून तो बलवान असतो आणि त्यांच्यावर अनुग्रह किंवा निग्रह करण्यास समर्थ असतो. भिंतीचा उदासीन रंग या राजासारखाच आहे. तो स्वतः पुढे येत नाही. पण पितळी समई, पाटावरची पैठणी किंवा मुलाचे लाल झबले किती खुलेल, हे तोच ठरवतो.

ही गोष्ट आपल्या आजीपणजींना ठाऊक होती. चुन्यात चिमूटभर नीळ घालून दिलेली सफेती, शेणाने सारवलेली जमीन आणि कडेला गेरूचा पट्टा, एवढ्यावर जुने घर शोभत असे. रांगोळीची पांढरी रेघ त्या सारवणावर जशी उठून दिसे, तशी ती चित्रविचित्र फरशीवर दिसत नाही.

चंडीगढमध्ये राहणाऱ्याला हाच धडा निराळ्या भाषेत वाचावयास मिळतो. 1951 पासून ल कॉर्बूझिए यांच्या मार्गदर्शनाखाली हे शहर आकारास आले. शिपायापासून मंत्र्यापर्यंत निरनिराळ्या दर्जांच्या सेवकांसाठी सरकारी घरे आखण्याचे काम मुख्यतः पिएर जाँनरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी केले. पैसा बेताचा होता, वीट जवळपास मिळणारी आणि स्वस्त होती. म्हणून उघडी वीट आणि पांढरा गिलावा यांवरच या घरांचे रूप उभे राहिले. दर्जाप्रमाणे खोल्या कमीअधिक झाल्या, भिंतींची सामग्री मात्र बहुतांशी तीच राहिली.

खुद्द कॉर्बूझिए यांचा प्रवास बोधप्रद आहे. 1925 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी घरोघरी पांढऱ्या भिंतींचा आग्रह धरला. पुढे 1931 मध्ये त्यांनीच एका स्विस कंपनीसाठी भिंतीच्या कागदांची रंगमाला तयार केली. आणि चंडीगढच्या उच्च न्यायालयाच्या प्रवेशाशी असलेल्या उत्तुंग स्तंभांना हिरवा, पिवळा व लाल रंग दिला गेला. ते रंग इतके ठाम वाटतात, कारण त्यांच्या भोवती काँक्रीटचा अफाट राखाडी विस्तार आहे. सगळी इमारतच लाल-पिवळी असती, तर ते स्तंभ कोणाच्या नजरेत भरले असते?

आता व्यवहाराकडे वळू. उदासीन रंग हा प्रकाशाचा अंकित असतो. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन फारसे येत नाही. तेथील उजेड निळसर असतो आणि त्यात साधा राखाडी रंग थंड, उदास भासतो. अशा ठिकाणी किंचित पिवळसर किंवा तांबूस झाक असलेला मोतिया अथवा बदामी रंग घ्यावा. उलट, पश्चिमेच्या खोलीत उन्हाळ्यातील दुपारी शुभ्र पांढरी भिंत डोळ्यांवर येते. तेथे थोडी राखाडी झाक सुखावह ठरते. खिडकीबाहेर दाट झाड असेल, तर पांढऱ्या भिंतीवर हिरवट छाया पडते. तांबडी फरशी भिंतीलाही लाली देते. म्हणून दुकानातील बोटभर नमुन्यावर विसंबू नये. निदान हातभर चौरस पट्टा दोन भिंतींवर रंगवावा, तो पुरता वाळू द्यावा आणि सकाळी, भर दुपारी व रात्री दिव्याच्या उजेडात पाहावा. एकच रंग तीन वेळा तीन प्रकारचा दिसेल.

मात्र संयमाचाही अतिरेक होतो. भिंत राखाडी, पडदे राखाडी, गालिचाही राखाडी, अशा घरात कोणी राहते की ते केवळ पाहण्यासाठी मांडून ठेवले आहे, असा प्रश्न पडतो. आम्हां सरकारी नोकरांना बदलीगणिक दुसऱ्याने सोडलेल्या भिंतींत संसार मांडावा लागतो. तेव्हा उमजते, की शांत भिंत ही येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला दिलेली मोकळी जागा आहे. त्या जागेवर आपले रंग आपण आणावयाचे असतात: पुस्तकांचे, वस्त्रांचे, माणसांचे. आणि भिंत मळेल या धाकाने जेथे मुलाच्या हातातील खडू काढून घ्यावा लागतो, तेथे रंग कितीही सौम्य असला, तरी तो त्या घराला मानवलेला नाही, असे खुशाल समजावे.