आजोबांचे नाव पाटीवर का नाही



देणगीदारांच्या पाटीवर आमच्या आजोबांचे नाव नाही, म्हणून कुणी मनात किंतु धरू नये. ती त्यांचीच इच्छा.

९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडणाऱ्या मराठा पलटणीत ते होते. त्याच दिवशी नामदेव जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांतून उचलून आणले, शत्रूच्या मशीनगन थंड केल्या व व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आजोबा जाधवांचे सांगत. स्वतःचे कधीच नाही.

पेन्शन आली की आधी नातवंडांना खाऊ, मग काही रुपये देवळाच्या पेटीत. आजी कुरकुरली तर म्हणत, "अगं, तिकडेच राहिले त्यांच्या वाटचे आहेत."

सभामंडपाचे काम निघाले तेव्हा दृष्टी गेली होती. दगडावर हात फिरवून सांधा तपासत, गवंड्यालाही दटावत! कळस चढण्याआधीच ते गेले. मागे ठेवलेली रक्कम 'एक भाविक' म्हणून जमा केली आहे; पावती खजिनदारांकडे आहे.