फोड हातावर, दुखणं कामाचं
(घरकामगार बायकांच्या आरोग्य मेळाव्यातील भाषण)



बोटांच्या कडेला, तळहाताला, तळपायाला साबुदाण्यासारखे बारीक, पाण्याने भरलेले फोड येतात. खाजेने रात्रभर झोप नाही. दोन-तीन आठवड्यांनी फोड सुकतात, साल निघते, भेगा पडतात. भेगांत तिखट-मीठ गेलं की जीव जातो. जरा बरं वाटतं तोवर पुन्हा तेच. डॉक्टर याला पॉम्फोलिक्स म्हणतात. हा इसबाचा प्रकार आहे.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इसबाची लागण होत नाही. हातात हात दिल्याने किंवा हातची भाकरी खाल्ल्याने तो कुणाला होत नाही. तरीही फोड दिसले की 'उद्यापासून येऊ नकोस' हे ऐकावं लागतं. दुखणंही तिचं आणि शिक्षाही तिलाच!

हे उसळतं कशाने? काहींच्या अंगातच ती प्रवृत्ती असते. घाम, मनावरचा ताण, निकेलसारखा धातू ही कारणं आहेत. पण सततचं पाणी, साबण, भांड्यांची पावडर यांनी ते फार वाढतं. दिवसात दोन तासांहून जास्त वेळ हात ओले असणं किंवा वीसहून जास्त वेळा हात धुणं, याला त्वचारोगाचे अभ्यासक 'ओलं काम' म्हणतात. चार घरची धुणी-भांडी करून स्वतःची चूल पेटवणारीने हा हिशेब करून पाहावा. १९४८च्या कारखाना कायद्याच्या यादीत रसायनांनी होणारा त्वचादाह कामाचा आजार म्हणून आला, पण घर काही कारखाना ठरलं नाही. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. आपण कामगार आहोत, तर आपल्या कामाने होणारे आजारही मोजले गेले पाहिजेत.

दुकानातून परस्पर 'खाजेचं मलम' आणू नका. अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, आणि मुळात नायटा असेल तर तो त्याने आणखी पसरतो. डॉक्टरांना दाखवा, सांगतील तितकेच दिवस औषध लावा. काम झालं की हात पुसून व्हॅसलीन लावा. अंगठी काढून ठेवा. रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घाला आणि घाम आला की काढा. पाय कोरडे ठेवा.

आणि मागायचं काय? हातमोजे कामाच्या घरून मिळावेत. फोड फुटले असताना कोरडं काम द्यावं, खाडा धरू नये. आपल्या घरची भांडी नवऱ्याने, मुलग्यांनीही घासावीत. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपले हात किती तास ओले असतात ते मोजून यावं. तिथूनच मागणीचा कागद तयार करू.